साळूची गाठ

फार वर्षांपूर्वी, हिवरमाळावर गवत माणसाच्या कमरेला लागायचं आणि माळाला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकही बांध नव्हता, तेव्हाची ही हकिगत आहे. माळाच्या पोटाशी पारध करणाऱ्यांची एक वस्ती होती. वीस-बावीस झोपड्या आणि भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण. ज्वारी-बाजरी पिकवणं त्यांना ठाऊक नव्हतं. काळविटाची पारध हेच त्यांचं शेत.

त्यांची पारध करायची रीतही न्यारी होती. आतड्याची तात वळून तिचे फास करायचे आणि ते गवतात ओळीनं मांडायचे. मग शिकवलेल्या बैलाच्या आडोशानं चालत, चरत्या कळपाला हळूहळू त्या ओळीकडे न्यायचं. काळवीट बैलाला भीत नाही. बैलाला चार पायांऐवजी सहा पाय आहेत, हे त्या भोळ्या जनावराला कळेपर्यंत तात आवळलेली असायची.

नेम मात्र कडक होता. फासात दुधाची मादी आली तर तिला सोडायची, आणि ज्यानं गाठ मारली त्यानंच ती सोडायची. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, सुरीनं कापायचीही नाही.

या वस्तीत साळू नावाची बाई होती. फास बांधण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. साळूच्या गाठीतून वारासुद्धा सुटत नाही, असं म्हणतात. नवऱ्याला आखाडात पान लागलं, म्हणजे साप चावला, आणि तो गेला. मागे राहिली म्हातारी सासू ठमा आणि पाच महिन्यांची पोर, रूपी. साळू फास बांधायची म्हणून तिला पारधीतला वाटा मिळायचा, आणि त्या वाट्यावर तिघी जगायच्या.

माळावर त्या काळी लांडगा उरला नव्हता. मोठ्या दुष्काळात सगळे गेले, असं म्हातारी माणसं सांगायची. दोन पिढ्यांनी त्यांचा आवाज ऐकला नव्हता. मग एका हिवाळ्यात, दिवेलागणीला, उत्तरेच्या घळीतून हेल काढलेला एक लांब आवाज आला. पोरं म्हणाली, कुत्रं रडतंय. ठमानं हातातलं काम खाली ठेवलं आणि झोपडीचं दार लावून घेतलं. ते पाहून बाकीच्यांनीही दारं लावली.

त्यानंतर माळ बदलला. काळविटांचे कळप कान टवकारून चरू लागले. बैल दिसला तरी उधळायचे. महिनाभर फास रिकामेच राहिले. कुठे लांडग्यांनी खाऊन टाकलेल्या हरणाची शिंगं तेवढी सापडायची. चुली थंड पडायला लागल्या आणि माणसं एकमेकांवर खेकसायला लागली.

वस्तीचा नाईक होता बाजा. माणूस वाईट नव्हता, पण आपल्याला भीती वाटते हे कुणाला कळू नये म्हणून मोठ्यानं बोलायची त्याला खोड होती. त्यानं सगळ्यांना गोळा केलं.

"माळ एक अन् तोंडं दोन," तो म्हणाला. "आता एक तर त्ये ऱ्हातील, न्हाय तर आपण. साळू, घळीच्या तोंडाला फास लाव."

साळूला ते बरं वाटलं नाही. पण वाटा बंद होऊन महिना झाला होता, आणि भीती तिलाही होतीच. तिनं तीन पदरी तात वळली, घळीच्या तोंडाशी बाभळीच्या मुळाला बांधली आणि आपलं सगळं कसब त्या एका गाठीत घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक लांडगी अडकली. वस्तीतली माणसं वरच्या खडकावर चढून बघायला लागली. साळूही चढली. लांडगी ओरडत नव्हती, तिनं नुसती मान उचलून वर पाहिलं. तिची सडं भरून आली होती आणि दूध मातीत ठिबकत होतं.

"नाईक, दुधाची हाय ती," साळू म्हणाली.

"आपला नेम हरणाला," बाजा म्हणाला. "वैऱ्याला कसला आलाय नेम? ऱ्हाऊ दे तशीच. उपाशी मरंल."

साळूला पुढं बोलायचं होतं. पण तिला थंड पडलेली चूल आठवली, आणि ती गप्प बसली. खडकावरून उतरून ती घरी आली. ही साळूची चूक. तिनं पुढं मरेपर्यंत ती कबूल केली, म्हणून तर आपल्याला माहीत आहे.

त्या दुपारी रूपीला पाजायला घेतलं तर साळूच्या अंगावर दूध नव्हतं. पोर ओढ ओढ ओढायची आणि रडायची. साळूला वाटलं, आपण नीट जेवलो नाही म्हणून असेल. पण शेजारच्या झोपडीतही तान्हं रडत होतं, त्याच्या पलीकडच्याही. शेळ्या पिळायला बसलेल्या बायका कोरडी भांडी घेऊन उठल्या. लांडगीचं दूध जोवर फासात अडकलं होतं, तोवर वस्तीतल्या एकाही आईला पान्हा फुटला नाही, असं म्हणतात.

आणि मग ते आले. काळोखात नाही हो, लख्ख उन्हात आले. पहिल्या दिवशी ते टेकाडावर बसलेले दिसले. दुसऱ्या दिवशी झऱ्यापाशी, म्हणजे पाणी तुटलं. तिसऱ्या दिवशी कुंपणाला लागून बसले. कुणी म्हणतं बारा होते, कुणी म्हणतं गवताच्या काडीगणिक एक होता. ते ना गुरगुरले, ना झेपावले. नुसते झोपड्यांकडे तोंड करून बसून राहिले. वस्तीतली शिकारी कुत्री, जी रानडुकराला भीत नसत, ती चुलीच्या राखेत तोंड खुपसून पडली. घळीतून पिलांचं कुईकुई ऐकू यायचं, आणि झोपड्यांतून माणसांच्या लेकरांचं रडणं. काही वेळानं कुठलं कुणाचं ते ओळखू येईना.

तिसऱ्या दिवशी बाजा नाईक भाला घेऊन निघाला. लांडगीला मारून मोकळं व्हायचं, असं त्यानं मोठ्यानं सांगितलं. तो कुंपणाबाहेर पडला आणि सगळे लांडगे एकदम उभे राहिले. बाजा चार पावलं गेला असेल. परत आला तेव्हा त्याचं तोंड हलत होतं, पण आवाज निघत नव्हता. काय पाहिलं ते त्याला कधीच सांगता आलं नाही.

चौथ्या दिवशी रूपी रडायची थांबली. तिचे ओठ कोरडे पडले होते आणि टाळू खोल गेली होती. ठमानं नातीला मांडीवर घेतलं, सुनेकडे पाहिलं आणि एवढंच विचारलं, "गाठ कुणाची?"

साळू उठली. दुपार होती. तिनं पोरीच्या कपाळाला हात लावला.

"आत्याबाई, मी माघारी न्हाय आले तर हिला फास शिकवू नका," ती म्हणाली.

तिनं पारधीचा बैल, पवळ्या, सोडून घेतला. आयुष्यभर ती त्याच्या आडोशानं चालली होती. पण कुंपणाच्या तोंडाशी पवळ्यानं गुडघे टेकले आणि तो खाली बसला. शेपूट पिरगाळलं, गोंजारलं, तरी उठला नाही. मग साळू एकटीच बाहेर पडली, आणि आडोशाला काहीच नसलं की काळविटाला कसं वाटत असेल ते तिला त्या दिवशी कळलं.

लांडग्यांनी तिला अडवलं नाही. ती पुढं गेली तसे ते उठले आणि तिच्या मागून चालू लागले. धावले नाहीत. तिच्या पावलाला पाऊल लावून हळूहळू चालले, जशी माणसं कळपामागून चालतात. साळूला त्यांचा श्वास पोटऱ्यांवर लागत होता. मागे वळले तर पळेन आणि पळाले तर मरेन, असं मनाशी म्हणत ती घळीपर्यंत पोचली.

लांडगी आडवी पडली होती. चार दिवसांच्या ओढाताणीनं तात पायात रुतली होती आणि गाठ मांसात बुडाली होती. साळूनं गुडघे टेकून डावा हात पुढं केला. लांडगीनं तो तोंडात धरला. चावली नाही. नुसता धरून ठेवला आणि डोळे साळूच्या डोळ्यांना लावले.

आता एकच हात मोकळा होता, आणि साळूची गाठ एका हाताला दाद देणारी नव्हती. स्वतःच्या कसबाला तिनं त्या वेळी किती शिव्या दिल्या असतील. शेवटी ती वाकली, तोंड लांडगीच्या पायाशी नेलं आणि दातांनी गाठ उकलू लागली. मागे सगळे लांडगे गोल करून बसले होते. सूर्य चांगला हातभर खाली सरकला, पण लांडगीनं जबडा मिटला नाही की उघडला नाही.

तीन पदर होते. पहिला सुटला, दुसरा सुटला. तिसरा सुटला त्या क्षणी लांडगीनं पाय ओढून घेतला, आणि तिचा जबडा मिटला. साळूची दोन बोटं गेली, करंगळी आणि तिच्या शेजारचं. कुणी म्हणतात, वेदनेनं मिटला. कुणी म्हणतात, तिनं हिशेब चुकता केला. साळूला विचारलं की ती म्हणायची, "तिनं सगळा हात घेतला असता तरी मी काय बोलले असते?"

ऊन उतरता उतरता साळू हाताला पदर गुंडाळून कुंपणात शिरली. तिनं आधी रूपीला घेतलं आणि रक्ताळलेल्या अंगानंच छातीशी लावलं. पोरीनं दोनदा ओढलं, आणि मग घुटका घेतल्याचा आवाज आला. ठमा तोंडात पदर कोंबून रडली. त्याच घटकेला साऱ्या वस्तीत लेकरं घटाघटा प्यायला लागली, असं म्हणतात.

लांडगे कुंपणापासून उठून गेले. माळ सोडून मात्र गेले नाहीत. पारध कधी मिळायची, कधी नाही, आणि दिवेलागणीचा तो आवाज ऐकला की अंगावर काटा यायचा तो यायचाच. साळूनं पुन्हा फास बांधला नाही. तिचा वाटा वस्तीनं बंद केला नाही.

आता पारध बंद झाली आहे. हिवरमाळाची माणसं शेळ्या राखतात, पोरं शाळेत जातात. पण बारशाच्या दिवशी पाळण्याची दोरी बाळाची आईच बांधते, आणि डाव्या हाताची दोन बोटं मुडपून बांधते. बांधली की तीच सोडते. असं तीनदा करते. गाठ सहज सुटली की बायका साळूचं नाव घेतात आणि बाळाला पाळण्यात घालतात.

एखाद्या बारशाला गाठ अडते. मग आई बाळाला उराशी धरून बसते, आणि दोघी जाणत्या बायका उठून कुंपणापाशी जातात. माळावर कुणी बसलेलं नाही ना, ते आधी बघून येतात.