खुंटी नसलेला भोपळा

अहो, हसू नका, फुटका नाही तो भोपळा. वाळवून कोरलेला आहे, आणि बुडाचं भोक मुद्दाम पाडलंय. आत दूध विरजलं की पाणी खालून सोडायचं आणि लाकडाची खुंटी मारायची. मागे राहतं ते आंबट, दाट दूध म्हणजे अमासी. दक्षिण आफ्रिकेतल्या आम्हा खोसा लोकांचा जीव त्यावर. पण उद्या माझी नवी सून ह्यातून अमासी पिईल तेव्हा खुंटी नसेल. का, ते विचारताय ना? मग बसा. मला माजोला म्हणतात, आणि गोष्ट अर्धी टाकून उठलेलं मला खपत नाही.

फार जुन्या काळी ह्या टेकडीवर माबेले नावाची बाई राहायची म्हणे. तिच्या घरी सून आली. आमच्यात नव्या सुनेनं सासरच्या दुधाला आपण होऊन तोंड लावायचं नसतं. घरच्यांनी बकरं कापायचं, चारचौघांत तिला मांस आणि अमासी द्यायचं, नवं नाव ठेवायचं, मग ती घरची. त्या साली दुष्काळ होता, बकऱ्या मेल्या होत्या. माबेले म्हणायची, "पाऊस पडू दे, मग बघू." पोर सगळ्यांना दूध वाढायची आणि स्वतः रानातला पाला उकडून खायची. तिला दिवस गेले तरी तेच!

अशात भोपळ्यातलं दूध कमी भरायला लागलं. भोपळ्यापाशी वावर कुणाचा? सुनेचा. माबेले सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशी कडाडली, "चोरटी कुठली! घोंगडी उचल आणि माहेरी चालती हो."

चोर म्हणून परत आलेल्या मुलीला माहेरी तरी कोण उभं करणार? आणि पोटातल्या बाळाचं काय? ती एवढंच म्हणाली, "आई, मी नाही प्यायले." घोंगडी पांघरली आणि निघाली.

पण दारातून जाता येईना. उंबऱ्याशी दगडावर भोपळा ठेवलेला असे, आणि एक वासरू वाट अडवून तो दगड चाटत होतं. हाकललं तरी हलेना. माबेले काठी घेऊन धावली, भोपळा उचलला, आणि बघते तर दगड पांढरा, ओला. झिजलेल्या खुंटीच्या कडेनं दूध गळत होतं. रोज सकाळी पाणी सोडून ती खुंटी मारायची कोण? माबेले स्वतःच.

असं सांगतात की काठी तिच्या हातातून गळून पडली. "अगं बाई गं! दगड प्याला, वासरू प्यालं, आणि माझी सून उपाशी!" ना बकरं, ना पाहुणे. तिनं खुंटी उपसून फेकली, भोकावर स्वतःचं बोट दाबलं आणि भोपळा सुनेच्या तोंडाला लावला. "पी. तू पुरे म्हणेपर्यंत हे बोट निघणार नाही." तिथंच नाव ठेवलं, नोखाया. घराची आई.

आजही आमच्या वस्तीत नवी सून मान खाली घालून, गप्प बसलेली असते. खुंटी काढतात, सासू भोकावर बोट धरते. सासरी सुनेनं उच्चारायचा पहिला शब्द म्हणजे "पुरे". काही पोरी भारी लबाड, घोट घोट पितात. सासूच्या हाताला रग लागते आणि बायका खो-खो हसतात.

मीही फार वेळ लावला होता. घाबरले होते हो, घर परकं होतं. सासूबाईंचा हात थरथरायला लागला, पण बोट काही हललं नाही. तेव्हा मी पुरे म्हटलं.