कौतुकावर विणलेलं घरटं

फार जुनी गोष्ट आहे. तेव्हा विहिरींना कठडे नव्हते आणि पक्ष्यांना भांडायला वेळ होता. एका विहिरीच्या काठी बाभळीचं झाड होतं आणि त्यावर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. नाव सुगरण असलं तरी घरटं विणतो तो नर, हे बाळगोपाळांनी लक्षात ठेवावं. मोठ्यांनीही ठेवायला हरकत नाही.

त्या वस्तीची एक रीत होती. नर अर्धं घरटं विणून थांबायचा. मग मादी यायची, आत शिरून गाठी ओढून बघायची. नर विचारायचा, "घर मी पुरं करतो, पिल्लं तू वाढव. कबूल?" मादी "कबूल" म्हणाली, की दोघंही बांधली गेली. मग माघार नाही.

एका नराची वीण सगळ्या झाडात सरस होती. हे त्यालाही माहीत होतं आणि तिथेच घोळ झाला. एक मादी त्याचं अर्धं घरटं बघायला आली. त्याने रीतीप्रमाणे विचारलं.

"वीण सुरेख आहे रे," ती म्हणाली. "पण ही फांदी जमिनीच्या बाजूला आहे. साप सहज चढेल. ती पाण्यावरची फांदी आहे ना, तिथे बांधत असशील तर मला कबूल आहे."

नर कौतुकानेच फुलून गेला. फांदीबद्दल तो हो म्हणाला नाही आणि नाहीही म्हणाला नाही. इतकी चांगली वीण सोडून ही जाते कुठे, असं मनाशी म्हणत तो त्याच फांदीवर कामाला लागला. पुढे आणखी दोन माद्या घर बघायला आल्या. "घर दिलेलं आहे," असं सांगून त्याने त्यांना दारातूनच परत पाठवलं.

घरटं पुरं झालं तेव्हा ती पहिली मादी पाण्यावरच्या दुसऱ्याच घरट्यात अंडी उबवत होती. नर संतापला. वस्तीचे तंटे विहिरीतलं म्हातारं कासव सोडवायचं. नर तडक त्याच्याकडे गेला.

"आजोबा, हिने शब्द मोडला! माझा अख्खा हंगाम बुडाला!"

"तू काय देऊ केलं होतंस?" कासवाने विचारलं.

"ह्या फांदीवरचं घर."

"आणि तिने काय मागितलं?"

"त्या फांदीवरचं."

"म्हणजे तुझं म्हणणं तिने घेतलंच नाही. स्वतःचं नवं म्हणणं मांडलं. त्यावर तू काय बोललास?"

नर म्हणाला, "काहीच नाही. पण मी विणत होतो ते तिला दिसत होतं की!"

"दिसणं म्हणजे कबूल होणं नव्हे, बाळा. तू हो म्हणाला असतास तर ती बांधली गेली असती, आणि तूही. तुझ्या कष्टांचं मला वाईट वाटतं. पण ती मोकळी होती."

नराने पाण्यावरच्या फांदीवर नवं घरटं सुरू केलं. पण तोवर गवत पिवळं पडलं होतं, पातं ओढलं की तुटायचं. परत पाठवलेल्या दोघी केव्हाच दुसरीकडे नांदत होत्या. सगळ्या झाडात सरस असलेलं ते पहिलं घर त्या वर्षी रिकामंच लोंबत राहिलं आणि त्याचा मालक त्याच्याशेजारी एकटा बसून राहिला.

यातून घ्यायचं ते एवढंच: कौतुक म्हणजे होकार नव्हे आणि गप्प बसणं म्हणजेही होकार नव्हे; एकाने देऊ केलेलं दुसऱ्याने जसंच्या तसं, उघडपणे कबूल केलं, तरच करार होतो.