देवासमोर बसायचं नाही

कराडच्या एका साडीच्या दुकानात भालचंद्रशेठांनी एके सकाळी साड्या विकणाऱ्या बायकांची सगळी स्टुलं माळ्यावर टाकली. "गिऱ्हाईक म्हणजे देव! देवासमोर कोणी बसतं का?" असं म्हणून ते स्वतः गादीवर लोडाला टेकले.

त्या बायकांतल्या वैजयंताला सातवा महिना. दुपारपर्यंत तिच्या पावलांना सूज चढली. बोलावं तर नोकरी जायची भीती, आणि चांगली उत्तरं तिला एरवीही घरी गेल्यावर भांडी घासतानाच सुचायची.

लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या इनामदारकाकूंना शालू दाखवता दाखवता ती मटकन खाली टेकली. शेठ कडाडले, "अगं ए, देवासमोर बसतेस?"

ती धडपडत उठली, पण तोंडून निघून गेलंच. "शेठ, देवासमोर उभं राहतात ते दर्शनाला आलेले. ते हात जोडतात आणि पाच मिनिटांत घरी जातात. पूजा करणारा मात्र पाटावर बसतो. आम्ही इथे दर्शनाला येतो की पूजेला, तेवढं सांगा. दर्शनाला असू, तर हे हात जोडले, निघते मी."

शेठ पुटपुटले, "पूजेलाच गं, पण..."

काकूंनी शालू बाजूला सारला. "पणबिण काही नाही. आता देवच सांगतोय, आधी तिला बसायला द्या. नाहीतर हा देव समोरच्या दुकानात जाऊन बसेल!"

आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शेठ गिऱ्हाइकासमोर ताडकन उभे राहिले.