खाचेचा साग

कोसमटोल्याच्या उतारावर एक जुना साग उभा आहे. त्याच्या बुंध्यात कमरेच्या उंचीवर कुऱ्हाडीने घातलेली खाच आहे, आत लहान मूल बसेल एवढी खोल. इतकी मेहनत केल्यावर झाड पाडायचं राहिलं कसं, असं पाहुणे हमखास विचारतात. मग गावचे चैतू आजोबा त्याच सावलीत बसतात आणि सांगू लागतात.

पूर्वी इथे एका जमीनदाराची गढी होती, असे सांगतात. गढीत नवी कचेरी उठवायची होती आणि तिला सागाच्या तुळया हव्या होत्या. झाडतोडीचं काम जंगूकडे होतं. तो म्हणेल तिकडे झाड पडायचं, म्हणे. पण उतार उभा, मध्ये बांबूचं दाट रान. खालची नाल्याकाठची वाट वरून दिसत नसे. त्या वाटेने जंगूचा थोरला भाऊ रैनू रेड्यांच्या जोडीने ओंडके ओढून नेई. म्हणून शेवटचे घाव घालण्याआधी एकाने थेट नाल्यापर्यंत उतरायचं, वाटेवर नजर टाकायची, आणि कोणी नसेल तर तिथून ओरडायचं, ‘मोकळं!’ हे काम जंगूचा मेहुणा लालसू करी. मैनीचा, म्हणजे जंगूच्या बायकोचा, तो पाठचा भाऊ; जंगूला तो भाटवा, म्हणजे भावजी, म्हणे. घरचा माणूस म्हणून जंगूनेच त्याला रानातल्या कामावर आणलं होतं.

दसऱ्याआधी तुळया पोचल्या तर मुकादमीचा फेटा तुझ्या डोक्यावर, असं जमीनदाराच्या कारभाऱ्याने लालसूला परस्पर सांगून ठेवलं होतं. जंगूला त्यातलं काही ठाऊक नव्हतं.

त्या दुपारी झाड तुटत आलं होतं. अशा झाडाला सोडून तोडणाऱ्याला हलता येत नाही. साधी झुळूकही ते पाडते, आणि कुठेही पाडते. जंगूने हाक दिली. खालून लगेच उत्तर आलं, “मोकळं!” आवाज जरा जवळून आल्यासारखा वाटला.

“लालसू, नाल्यापर्यंत गेला होता का रे?”

“गेलो होतो ना, भाटवा! काहून म्हाताऱ्यावानी घाबरता? माह्या बहिणीची शप्पत, चिटपाखरू नाही इथं!”

जंगूला हसू आलं. याच्या बहिणीची शपथ म्हणजे आपल्याच मैनीची. त्यापुढे आणखी काय विचारायचं? त्याने घाव घातले.

झाड कोसळलं आणि खालून रेड्यांचं रेकणं ऐकू आलं. जंगू बांबू तुडवत धावला. अर्ध्या उतारावर, खडकाच्या आडोशाला, लालसू उभा होता. नाल्याकाठी बारा महिने काळा चिखल असतो. तिथे जाऊन आलेल्या माणसाचे पाय लपत नाहीत. लालसूचे पाय कोरडे होते. जंगूची नजर त्या पायांवर गेली, आणि खाली काय पाहावं लागणार ते त्याला तिथेच कळलं. खोडाखालून काढेपर्यंत रैनूचा श्वास थांबला होता.

कारभारी आला. त्याने नारळ ठेवला आणि म्हणाला, “वनदेवाने बळी घेतला. त्याच्या मर्जीपुढे कोणाचं चालतं? पण काम अडता कामा नये.”

“देवाला मध्ये आणू नका,” जंगू म्हणाला. “देव मला मोकळं आहे असं म्हणाला नव्हता.”

सुतक फिटल्यावर जंगू आपणहून रानात आला. मोठ्या तुळईसाठी निवडलेल्या सागाला त्याने पुढून खाच घातली आणि झाड पाडणारा मागचा घाव घालण्याआधीच कुऱ्हाड जमिनीला टेकवली. “आता ज्याला मोकळं म्हणायचं असेल त्याने नाल्यात उतरावं, परत वर यावं आणि माझ्या कुऱ्हाडीला हात लावून सांगावं. नुसत्या आवाजावर मी झाड पाडणार नाही.”

लालसूच्या डोक्यावर मुकादमीचा नवा फेटा होता; कारभाऱ्याने तो आधीच बांधला होता. तो जागेवरूनच ओरडला, “मोकळं!” जंगू हलला नाही. कारभारी स्वतः ओरडला, शिव्या दिल्या, दुसऱ्यांना तोडायला सांगितलं. एकेकाने आपली कुऱ्हाड खाली ठेवली. तेव्हा सागाच्या खाचेतून रक्तासारखा लाल रस वाहू लागला, म्हणे, आणि कारभारी मागे सरला.

ऊन कलल्यावर लालसूने फेटा काढला. तो नाल्यात उतरला. वर आला तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता. त्याने कुऱ्हाडीच्या दांड्याला हात लावला. “मोकळं आहे, भाटवा.”

जंगू कितीतरी वेळ त्याचे पाय बघत राहिला.

“एवढंसंच तर चालायचं होतं रे,” तो म्हणाला. त्याने लालसूच्या हाताखालून कुऱ्हाड काढून घेतली आणि घरची वाट धरली. पुन्हा त्याने झाडाला घाव घातला नाही. त्या दिवाळीला मैनीनेही भावाला ओवाळलं नाही, असे सांगतात. साग मात्र वाळला नाही. गढीची ती कचेरी तुळईवाचून उघडीच राहिली, पावसाळ्यांनी तिच्या भिंती नेल्या.

आजही कोसमटोल्याच्या रानात यंत्राची करवत चालते, डोक्याला टोप असतात, गळ्यात शिट्ट्या असतात. तरी मागचा घाव घालण्याआधी करवत बंद होते, आणि खाली गेलेला माणूस वर येऊन तिला हात लावेपर्यंत बंदच राहते. तोडणारा आधी त्याचे पाय बघतो. मग तो जावई असो, नाहीतर सख्खा भाऊ. कोणी कोणाला काही विचारत नाही. ज्याचे पाय कोरडे असतात, तो मान खाली घालून पुन्हा उतार उतरू लागतो.