रिकाम्या पाळण्याची राणी

एका राज्यात सगळं होतं आणि कुणाकडेच काही नव्हतं. म्हणजे असं, की गोठ्यात गाई होत्या, कणगीत धान्य होतं, विहिरींना पाणी होतं; पण कुणी विचारलंच तर माणसं मान खाली घालून सांगायची, काही नाही हो, कसंबसं चाललंय. या रीतीला तिथे झाकणी म्हणत. चांगलं उघडं ठेवलं की त्याला दृष्ट लागते, म्हणून ते शब्दांनी झाकायचं. दुभत्या गाईला भाकड म्हणायचं, सुगरणीच्या हाताला चव नाही म्हणायचं, धडधाकट मुलाचं नाव दगडू ठेवायचं. मुलीच्या बापाने पाहुण्यांपुढे लेकीचं कौतुक केलं, तर ठरलेलं लग्न मोडायचं. अशा पिढ्या गेल्या. झाकून झाकून शेवटी आपल्या घरात काय आहे याचा घरच्या माणसांनाच विसर पडला.

त्या राज्याचा राजा वज्रसेन आणि राणी शैलप्रभा. बरीच वर्षं त्यांच्या घरी पाळणा हलला नाही. नवस झाले, उपास झाले, वैद्य झाले, आणि आशा सोडल्यावर एका सकाळी राणीला मुलगी झाली. राणीला आनंद असा झाला की तो मावेना. पण रीत ती रीत. दाई विचारी, बाळ कसं आहे, तर राणी म्हणे, आहे आपलं किडुकमिडुक. दार लावून घेतलं की मात्र ती त्या किडुकमिडुकाच्या तळपायांचे इतके मुके घेई, की ते लालबुंद होत.

बारशाच्या दिवशी वाड्याच्या दारात एक जोगी आला. त्याचे केस धुरासारखे वर जात होते आणि त्याच्या पायांशी सावली नव्हती. त्याचं नाव धूम्रकेश. त्याने भिक्षा मागितली नाही, फक्त एक प्रश्न विचारला.

"राणी, तुझ्या घरात आनंदाचं काय आहे?"

राणीने पाळण्यावर पदर ओढला आणि म्हणाली, काही नाही, महाराज. जोग्याने दुसऱ्यांदा विचारलं. राणीने दुसऱ्यांदा नाही म्हटलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर राणी म्हणाली, "काही नाही. पाळणा रिकामाच हलतो आहे."

"बरं," धूम्रकेश म्हणाला. "तीनदा नाही म्हणालीस, तेव्हा ते मी घेतलं. आजपासून या राज्यात ज्याला ज्याला नाही म्हणाल, ते ते माझं."

जोगी निघून गेला. राणीने पदर बाजूला केला, तर पाळणा रिकामा होता.

सगळीकडे हाहाकार उडाला. पण जिभेचं वळण काही एका दिवसात जात नाही. दुसऱ्याच दिवशी गवळणीला शेजारणीने दूध मागितलं. गवळण सवयीने म्हणाली, दूध नाही गं, आणि सात गाई एकदम आटल्या. कुंभाराने भट्टीत विस्तव नाही म्हटलं, भट्टी विझली. गाणारी म्हणाली, आज गळा नाही, तो गळा गेला. जितकं जाई तितकं लोक रडत, आणि रडताना आणखी नाही नाही म्हणत. राजा वज्रसेन तर सिंहासनावर बसून म्हणाला, "आता काहीच उरलं ना..." राणीने धावत जाऊन त्याच्या तोंडावर हात ठेवला. पण शब्द अर्धा निघाला होताच. वाड्याचं अर्धं छप्पर गेलं.

राणी त्या छपराच्या भोकाखाली उभी राहिली. लेक गेली ती आपल्या तोंडाने, हे तिला कळून चुकलं होतं. मग ती आणणार कोण? सेनापती नाही आणि पुरोहितही नाही. ती म्हणाली, मी जाते. राजाने अडवलं. ती म्हणाली, मी जाते.

वाड्यामागच्या कोरड्या तळ्याकाठी एक टिटवी राहत असे. तिचं ओरडणं अभद्र, म्हणून लोक तिला दगड मारत. राणी वेशीकडे निघाली तेव्हा टिटवी आडवी आली आणि माणसाच्या भाषेत बोलली. पक्षी बोलला म्हणून राणी दचकली नाही. त्या दिवसांत दचकायलाही कुणाला फुरसत नव्हती.

टिटवी म्हणाली, "माझी अंडी उघड्या खडकावर असतात. ना घरटं, ना आडोसा. मी रोज ओरडून सांगते, माझी अंडी आहेत, माझी अंडी आहेत. तुम्हाला ते अभद्र वाटतं. पण जोग्याला माझं एकही अंडं नेता आलेलं नाही."

मग तिने वाट सांगितली. आधी तापलेला माळ, मग म्हातारीचं जातं, मग धूम्रकेशाची गुहा. तिन्ही ठिकाणी एकच प्रश्न येईल, काय आहे? तिन्ही ठिकाणी आहे असंच उत्तर द्यायचं. पण ते खरं असलं पाहिजे. खोट्या 'आहे'ने वाट मोकळी होत नाही.

माळ आला. पायाखाली दगड तापलेले, वर आभाळ तापलेलं, कडेला क्षितिजापर्यंत काही दिसेना. चालता चालता माळानेच विचारलं, काय आहे? राणी हुशार. ती म्हणाली, वा, काय सुंदर माळ आहे, काय मोकळं ऊन आहे. माळ एक कोस लांबला. राणी म्हणाली, मी फार सुखात आहे. माळ आणखी एक कोस लांबला. माळाला खुशामत चालत नव्हती.

राणी चिडली. तळव्यांना फोड आले होते, घसा सुकला होता, आणि इथे चांगलं काय सांगायचं? ती दात-ओठ खात तशीच चालत राहिली. एका जागी टाचेला गार लागलं. तिने खाली पाहिलं. निवडुंगाच्या एका पानाची सावली होती, तळहाताएवढी. राणी एका पायावर त्या सावलीत उभी राहिली, मग पाय बदलला, मग पुन्हा बदलला. तिला हसू आलं. भरल्या राज्याची राणी आणि निवडुंगाच्या दारात एका पायावर उभी.

"सावली आहे," ती म्हणाली. "एक पाय मावतो. बरं वाटलं."

माळ आखडला. पुढे पुढे तिला दिसत गेलं ते तिने सांगितलं: वाऱ्याची एक झुळूक, कातळाच्या खाचेत साचलेलं ओंजळभर पाणी, त्या पाण्याला आलेली मातीची चव. फोड दुखतच होते. पण माळ संपला.

माळापलीकडे एका झोपडीत एक म्हातारी जात्यावर खडे दळत बसली होती. तिने एकदा म्हटलं होतं, माझं कुणी नाही, आणि तेव्हापासून तिचं कुणीच नव्हतं. घर होतं, जातं होतं आणि खडे होते. तिने राणीला सांगितलं, हा ढीग पिठासारखा दळून दे, मगच पुढे जा. ढीग झोपडीच्या छपराला टेकला होता.

राणीने खुंटा धरला. जातं हलेना. दोन्ही हात लावले, पाय भिंतीला टेकवले, तेव्हा एक फेरा झाला. हातांची सालटं निघाली. म्हातारी समोर बसून पाहत होती आणि मधून मधून विचारत होती, काय आहे? राणीला सांगायला काही सुचेना. सुचलं असतं तरी दमच नव्हता. ती दळत राहिली. थांबावंसं तिला शंभरदा वाटलं, आणि दरवेळी रिकामा पाळणा डोळ्यांपुढे येई. मग ती ओठ आवळून आणखी एक फेरा ओढी.

संध्याकाळी म्हातारीने पुन्हा विचारलं. राणीने वर पाहिलं. माळावरून चालताना तिला कुणाचं तोंड दिसलं नव्हतं. इथे सुरकुतलेलं का होईना, एक तोंड तिच्याकडे पाहत होतं.

"तू आहेस," राणी म्हणाली. "समोर बसली आहेस. एकटीने दळताना हे फार जड गेलं असतं."

म्हातारीला आजवर आहेस असं कुणी म्हटलं नव्हतं. मग ती पुढे सरकली आणि राणीच्या हाताशेजारी तिने खुंट्यावर आपला हात ठेवला. जातं दोघींच्या हातांनी फिरायचं असतं, ते फिरलं. म्हातारीला एक ओवी आठवली, अर्धीच. उरलेली अर्धी राणीने जुळवली. सकाळपर्यंत ढिगाचं पीठ झालं आणि झोपडीमागची वाट उघडली.

गुहेत धूम्रकेशाचा खजिना होता. दुधाचे डोह होते, धान्याचे डोंगर होते, शंभर गळ्यांतली गाणी छताला लटकून गुणगुणत होती. वाड्याचं अर्धं छप्परही एका कोपऱ्यात उभं होतं. धूम्रकेश त्यातलं काही खात नव्हता, काही ऐकत नव्हता. तो फक्त राखत होता. आणि सगळ्याच्या मधोमध राणीची मुलगी जमिनीवर बसून धान्याशी खेळत होती.

राणीने सोडली होती ती पाळण्यातली. ही बसत होती, हिला वरचे दोन दात आले होते. वाटेत किती ऋतू सरले ते राणीला कळलंच नव्हतं. लेकीचं पहिलं पालथं पडणं गेलं, पहिलं रांगणं गेलं. ते कुठल्याही गुहेत ठेवलेलं नव्हतं. ते परत मिळणार नव्हतं.

धूम्रकेशाने तिच्या चेहऱ्यावरचं हे सगळं वाचलं. तो मऊ आवाजात म्हणाला, "राणी, काय आहे तुझ्यापाशी? मला तुझी दया येते. एवढंच म्हण, की या लेकीवाचून मला जगात काही नाही. म्हण आणि घेऊन जा."

राणीचं तोंड उघडलं. कुठली आई हे म्हणणार नाही? शब्द जिभेच्या टोकावर आला, आणि तो तिला खराच वाटत होता. पण तिच्या तळव्यांना माळ आठवत होता, तिच्या हातांना जातं आठवत होतं. काही नाही म्हटलं की राजा जाणार, म्हातारी जाणार, राज्य जाणार, आणि लेक घेऊन जायची ती कुठे? तिने तो शब्द गिळला.

"आहे," ती म्हणाली. "तापट, घाबरट पण माझा असा नवरा आहे. अर्ध्या छपराचं घर आहे. पाय फुटलेत, पण चालणारे पाय आहेत. हिचे पहिले दिवस मांडीवर होते, ते माझ्याजवळ आहेत. मधले गेले. त्याचं मला दुःख आहे, तेही माझंच आहे."

धूम्रकेशाचे केस फणफणले. तो मुलीजवळ गेला आणि वाकून तिच्याकडे पाहू लागला. त्याची नजर ज्या धोंड्यावर पडे तो धोंडा तडकत असे. तो म्हणाला, "आणि ही? ही कशी आहे, सांग."

राणीचा हात आपोआप पदराकडे गेला. साध्या शेजारणीसमोर जे कधी बोलली नाही, ते या नजरेसमोर बोलायचं होतं. तिने पदर सोडून दिला.

"ही माझी मुलगी आहे," राणी म्हणाली. "सुंदर आहे. हिच्यासारखी हीच आहे. मला हिचा फार आनंद आहे."

धूम्रकेशाची नजर मुलीवर पडली आणि घसरली. झाकलेलंच त्याच्या हाती लागत असे. उघड्यावर मांडलेला आनंद त्याला धरता येईना. त्याने दोनदा हात घातला, दोनदा तो रिकामा आला. तिसऱ्यांदा त्याचा हातच धूर झाला, मग दंड, मग केस. छताची गाणी सुटली आणि आपापल्या गळ्याकडे निघाली. दूध डोहातून उठून गोठ्यांकडे वाहू लागलं. छप्पर राणीच्या डोक्यावरून घरी गेलं.

राणीने मुलीला उचललं. मुलीने अनोळखी बाईकडे एकदा पाहिलं आणि भोकाड पसरलं.

ती वाटभर रडली. झोपडीतून म्हातारीला सोबत घेईपर्यंत रडली, माळ ओलांडताना रडली, राणीच्या खांद्याला चावली, छातीला पाय लावून मागे रेटत राहिली. राणीने तिला खाली ठेवलं नाही.

वेशीवर सगळं नगर जमलं होतं. राजा पुढे होता. राणी दिसताच जुन्या सवयीने सगळ्यांनी माना खाली घातल्या. नको, आपली नजर लागायला नको. कुणी वर पाहीना. राजाने जमिनीकडे पाहत हळूच विचारलं, "काय आणलंस?"

राणीने रडणाऱ्या लेकीला दोन्ही हातांनी वर उचललं.

"बघा," ती म्हणाली. "सगळ्यांनी बघा. माझी मुलगी आहे. मला ओळखत नाही अजून, पण आवाज कसा खणखणीत आहे."

आधी राजाने मान वर केली. मग म्हातारीने, मग गवळणीने, मग एकेकाने. शेकडो डोळे त्या लाल झालेल्या तोंडाकडे पाहू लागले. मुलगी दचकून गप्प झाली, एवढ्या माणसांकडे बघून घाबरली, वळली आणि जवळ जो गळा होता त्याला मिठी मारली. तो राणीचा होता.

राणीने जे उघड्यावर म्हटलं, ते ज्याच्या त्याच्या ओठी वेळेवर येवो. एवढीच ही गोष्ट.