काळं पांघरलेला

साल १९५८, माघ महिना, थंडी ओसरत आलेली. पाटलांच्या गोठ्यातला बैल चोरीला गेला आणि पोलिसांनी बिरा कोळेकर या धनगराला धरलं. शिक्षा झाली असती तर त्याची मेंढरं वाऱ्यावर पडली असती.

तालुक्याच्या कोर्टात पाटील म्हणाले, "तोंड दिसलं नाही. पण चोर काळं पांघरलेला होता."

सरकारी वकील काळा झगा सावरत न्यायाधीशांना म्हणाले, "साहेब, घोंगडीवाले सगळे सारखेच. आणखी पुरावा कशाला?"

बिराच्या बाजूने म्हातारा धुळाबा हजारे साक्षीला उभा राहिला. त्याच्याही अंगावर काळी घोंगडीच.

"हा बघा दुसरा," वकील म्हणाले. "काय रे, त्या दिवशी तू कुठं होतास?"

"मेंढरांमागं. तुम्ही कुठं होता?"

"मला विचारतोस?"

"विचारावं लागतंय. काळं पांघरलेला, एवढीच चोराची ओळख. तसे इथं आम्ही दोघं धनगर, तिसरे तुम्ही, आणि साहेबांचा कोट धरला तर चौघं."

साहेबांनी आपल्या कोटाकडे पाहिलं. मग पाटलांना दुसरी काही खूण विचारली. खूण नव्हती. बिरा सुटला.

बाहेर येऊन तो धुळाबाच्या पाया पडायला वाकला. धुळाबाने त्याला दंडाला धरून उभं केलं.

"दुष्काळात तुझ्या आडावर माझी मेंढरं प्याली होती," तो म्हणाला. "ते आज फिटलं."