दारात बसलेले मामा

कुंदाचा नवरा कर्ज फेडायला सुरतेला कामाला गेला. मागे पोर, घरकाम आणि एका वेळची भाजी दोन वेळा पुरवणं कुंदाच्या एकटीवर आलं. एक हप्ता चुकला, तसे पतसंस्थेचे दाभाडेसाहेब तिच्या दारात खुर्ची टाकून बसले.

"हप्ता मिळेपर्यंत हलणार नाही. बघू दे सगळ्या गल्लीला."

कुंदानं शेजारणीला हाक मारली. "वहिनी, माझे मामा आलेत."

झालं. येणारी-जाणारी प्रत्येक बाई थांबून विचारायला लागली, "मामा, भाचीला साडी कसली आणली?" एकीनं तर त्यांची पिशवीच उघडून बघितली.

साहेबांनी एक तारखेपर्यंत मुदत दिली आणि खुर्ची तिथंच टाकून निघून गेले.

संध्याकाळी वहिनींनी विचारलं, "मामा परत कधी येणार गं?"

"एक तारखेला," कुंदा म्हणाली. "माझ्याकडे दुसरं येतंय कोण?"